रिकाम्या पाण्याचे दिवस

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या घरी माशांची एक जुनी काचटाकी आली. वसईच्या आमच्या वाडीतील एक कुटुंब जुने घर मोडून इमारतीत राहावयास जात होते. नव्या जागेत ह्या टाकीला ठाव नव्हता. लांबी चार फूट, रुंदी व उंची प्रत्येकी दीड फूट, आणि खाली लोखंडी अँगलचा स्टँड. कित्येक वर्षे ती मागच्या पडवीत कोरडी पडून होती व तिच्यात कांद्यांच्या माळा ठेवल्या जात. त्यांनी सांगितलेली किंमत इतकी अल्प होती की घासाघीस करण्याचाही आम्हाला संकोच वाटला.

आरंभ आम्ही स्टँडपासून केला. समुद्राकडील खाऱ्या वाऱ्याने लोखंडाचे पापुद्रे सुटले होते. वायर ब्रश घेऊन तीन संध्याकाळी घासल्यावर खरे लोखंड दिसू लागले, आणि एका पायाचा तळ पार सडला असल्याचेही. वेल्डिंगवाल्याकडून तो कापून नवा जोडून घेतला. मग रेड ऑक्साइडचा हात, तो वाळल्यावर काळ्या ऑइलपेंटचे दोन हात. इतकी दक्षता का, ते हिशेबावरून ध्यानात येईल. काठोकाठ भरल्यास ह्या टाकीत सुमारे 255 लिटर पाणी मावते, म्हणजे तितकेच किलो. काचेचे व वाळूचे वजन धरता सव्वातीनशे किलोंहून अधिक भार चार पायांवर येणार. पाच धडधाकट माणसे दिवसरात्र एका बाकावर बसून राहिली तर त्या बाकाची आपण जशी काळजी करू, तशी आम्ही केली.

काचेचे काम अधिक जिकिरीचे. आतल्या कोपऱ्यांतील सिलिकॉन पिवळे पडून सुटत चालले होते. जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही, म्हणून सगळे पाते घेऊन खरवडावे लागते. बुरशीरोधक औषध मिसळलेले सिलिकॉन माशांना विषारी ठरू शकते, म्हणून साधे आणले. ते भरल्यावर दोन दिवस घरभर व्हिनेगरचा वास कोंदला होता. आठवडाभर सुकू दिले. मग टाकी अंगणात, स्टँडवर थर्माकोलचा तक्ता अंथरून ठेवली. गवंड्याकडून पाणसळ मागून आणली, कारण पाया तिरका असला तर काच पिळवटून तडकते. खाली वर्तमानपत्रे पसरून टाकी भरली. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्याखालचे वर्तमानपत्र रुपयाएवढे ओले झाले. पाणी काढले, तो कोपरा पुन्हा खरवडला, पुन्हा भरला, पुन्हा आठवडाभर थांबलो. त्यानंतर टाकी भरून सात दिवस ठेवली. कागद कोरडा राहिला, तेव्हाच तिला दिवाणखान्यात प्रवेश मिळाला.

हे सारे आम्ही विस्ताराने सांगितले ते आमच्या कारागिरीची फुशारकी मिरवण्यासाठी नव्हे. येथवर आमचे सर्व योग्य झाले होते, एवढे वाचकांच्या ध्यानी यावे म्हणून.

दिवाणखान्यात टाकी भरल्यावर चौथ्या दिवशी आम्ही सात गोल्डफिश आणले. विक्रेत्याने काही विचारले नाही आणि आम्हीही त्याला काही विचारले नाही. आमच्या विहिरीचे पाणी आरशासारखे नितळ होते, त्यात क्लोरीन नव्हते, हवेचा पंप चालू होता. अकराव्या दिवसापर्यंत सातांपैकी पाच मासे गेले. पाणी शेवटपर्यंत नितळच होते. शेवटचा मासा कागदात गुंडाळत असताना आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने विचारले, “पप्पा, ते आपल्यामुळे मेले का?”

“आपल्याला ठाऊक नव्हते, बाळा,” असे उत्तर आमच्या तोंडून निघाले. ती गप्प राहिली. आम्हीही. पण ते उत्तर तेव्हापासून आमच्या घशात अडकून आहे.

कारण नंतर जे वाचले ते काही गूढ ज्ञान नव्हते. मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो डोळ्यांना दिसत नाही. नदीत वा तळ्यात तो विरून जातो, टाकीत साचतो आणि त्याच माशांचे कल्ले जाळतो. काही सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते मात्र बरेचसे सोसण्याजोगे असते. हे जिवाणू वाळूत व गाळणीच्या स्पंजात वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. आमची टाकी आमच्या दृष्टीने स्वच्छ होती, माशांच्या दृष्टीने ती ओसाड होती.

संत थॉमस अक्विनास ह्यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिऑलॉजिका’मध्ये अज्ञान हे पाप ठरू शकते काय, असा प्रश्न घेतला आहे. प्रयत्न करूनही दूर न होणारे अज्ञान त्यांच्या मते पाप नव्हे. परंतु जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते व शक्यही होते, ते आळसाने न जाणणे, ह्याचा दोष माणसाकडे येतो. हा भेद आम्ही तरुणपणी वाचून विसरलो होतो. पाच मेलेल्या माशांनी तो पुन्हा शिकवावा हे जरा विचित्रच.

शेजारच्या काकांनी आमची समजूत घातली ती त्यांच्या पद्धतीने. “काल रात्री बोंबलाचे कालवण ओरपलेत, आणि आज पाच माशांचे सुतक?” हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. किनाऱ्यावरची आमची सगळी पिढी मासळीवर वाढली आणि त्याबद्दल आम्हाला खंत नाही. मग फरक कोणता? आम्हाला वाटते तो असा : समुद्रातला बोंबील जाळ्यात येईपर्यंत आमच्यावर कशासाठीही अवलंबून नसतो. टाकीतला मासा प्रत्येक श्वासासाठी आमच्यावर अवलंबून असतो, आणि ते अवलंबित्व आम्हीच, हौसेखातर, निर्माण केलेले असते. काकांना हे पटले नाही. त्यांनी पटवून घ्यावे असा आमचा आग्रहही नाही.

चांगल्या हेतूने झालेली हानी ह्या छंदाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेली आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याला सागरी जीव पुरवणाऱ्यांत फिलिप हेन्री गॉस हा इंग्रज निसर्गाभ्यासक होता. पुढच्याच वर्षी त्याचे ‘दि अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. गॉस अत्यंत धर्मशील होता. निर्मात्याची कलाकृती लोकांनी जवळून पाहावी एवढीच त्याची तळमळ. परंतु त्याची पुस्तके वाचून हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यांवर लोटल्या व त्यांनी खडकांमधली डबकी ओरबाडून रिकामी केली. त्याचा पुत्र एडमंड गॉस ह्याने ‘फादर अँड सन’ ह्या 1907 सालच्या आत्मचरित्रात हे नोंदले आहे, आणि वडिलांना त्याचा फार मनस्ताप झाला असेही. गॉसला हे आधी कळू शकले असते काय? बहुधा नाही. म्हणून त्याच्याविषयी आम्हाला कणव वाटते. स्वतःविषयी मात्र तितकी वाटत नाही.

कारण आमच्या वागण्यात एक विसंगती होती, आणि ती दिसल्यापासून आम्ही अस्वस्थ आहोत. सिलिकॉन वाळावे म्हणून आम्ही आठवडाभर थांबलो, गळती तपासण्यासाठी आणखी दोन आठवडे. तो संयम आमच्यात होता. पण गळतीने आमची फरशी भिजणार होती, स्टँड मोडला असता तर आमचे मूल जखमी झाले असते. अमोनियाने आमचे काहीच बिघडणार नव्हते. जेथे इजा आमची होती तेथे आम्ही विचारपूस केली, चार जणांकडे गेलो, पाणसळ लावली. जेथे इजा दुसऱ्याची होती तेथे पाणी नितळ दिसते एवढे पाहून समाधान मानले. हे केवळ माशांच्या बाबतीत घडले असेल तर ठीकच आहे. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या, कामाला येणाऱ्या बाईंच्या बाबतीत आम्ही किती वेळा नुसते नितळ पाणी पाहून परतलो असू, ते आम्हाला आठवू लागले आहे.

उरलेले दोन मासे सोडून द्यावेत, असे एक मन म्हणाले. तीही पळवाटच. गोल्डफिश हा करड्या रंगाच्या कार्पकुळातील माशापासून सुमारे हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये माणसाने निवडून निवडून घडवला. आमच्या बावखलात तो परका. तेथे तो मरेल, किंवा तगून तिथल्या जीवांच्या तोंडचा घास काढील. नीट सांभाळल्यास तो दहा वर्षांहूनही अधिक जगतो. म्हणजे आमची मुलगी कॉलेज संपवीपर्यंत हे दोघे आमच्याच पदरी.

सध्या ते विहिरीकाठच्या सिमेंटच्या टाकीत आहेत. त्यांचे निम्मे पाणी रोज सकाळी बदलावे लागते. चार फुटांची टाकी दिवाणखान्यात दिव्यासकट उभी आहे, आणि तिच्यात एकही मासा नाही. जिवाणूंना अन्न मिळावे म्हणून लेक रोज संध्याकाळी त्या रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाद्य टाकते. येणारेजाणारे हसतात. दर रविवारी मिस्साहून आल्यावर ती परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकते व रंग कॅलेंडरवर लिहिते. पाचव्या रविवारी अमोनियाची नळी प्रथमच हिरवी न होता पिवळी राहिली. नायट्राइटची अजून जांभळी आहे, ती निळी व्हायला हवी. “अजून नाही,” असे तिने त्या तारखेखाली लिहिले, आणि बादली घेऊन ती विहिरीकडे गेली.