बदललेले जठर आणि जुना अनुभव

वजन घटवण्याच्या ‘गॅस्ट्रिक बायपास’ या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या भागाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. या पद्धतीचा पाया एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत घातला. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते, नंतरचे आयुष्य मात्र गावात काढायचे असते, आणि हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावसारख्या ठिकाणी डोके दुखू लागले की पावले आधी मेडिकलकडे वळतात. तेथे शस्त्रक्रिया झालेले निवृत्त शिक्षक आणि त्यांचाच एकेकाळचा विद्यार्थी असलेला औषधविक्रेता यांचा संवाद कल्पिला, तर सुरक्षित वेदनाशामक निवडण्यातली द्विधा नेमकी कोठे आहे ते दिसते.

गुरुजींचा पूर्वपक्ष असा : “हळद शिजवण्याच्या दिवसांत चुलाणाच्या धगीने चढलेले डोके आयबुप्रोफेननेच उतरत आले आणि पित्तसुद्धा कधी खवळले नाही, प्रत्यक्ष अनुभवाहून मोठे प्रमाण तू कोणते देणार?”

“अनुभव खरा आहे, गुरुजी, पण तो ज्या जठराचा होता, ते जठर आता त्या रूपात उरलेले नाही,” असे विक्रेता म्हणतो आणि कारण उलगडतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक व ॲस्पिरिन ही औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखून वेदना शमवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनच्या अभ्यासातून उलगडले. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तरावरील संरक्षक श्लेष्मा टिकवतात. शस्त्रक्रियेनंतर जोडापलीकडच्या आतड्याला सवय नसलेले आम्ल सोसावे लागते, आणि संरक्षण घटले की जोडावर व्रण, म्हणजे ‘मार्जिनल अल्सर’, होऊन रक्तस्राव किंवा छिद्र होऊ शकते.

“मग सुई घेतो म्हटले तर? पोटात काही जाणारच नाही.”

“औषध रक्तावाटे तेथेच पोहोचते, गुरुजी, वाट बदलली तरी परिणाम बदलत नाही. कॉम्बिफ्लामच्या पट्टीवरही पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमच्या जोडीला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम छापलेले असते, म्हणून नावापेक्षा घटक वाचावेत.”

“शरीर ज्याचे, निर्णय त्याचा, की आता दुखणे सोसत बसायचे?”

“सोसायचे नाही. अशा रुग्णांसाठी सामान्यतः पहिली निवड पॅरासिटामॉलची असते : एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम असली, तरी वजन फार उतरले असेल, खाणे तुटपुंजे असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर ती डॉक्टरांना विचारून कमी ठेवावी लागते. हृदयासाठी लिहून दिलेले ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा. शिवाय डोके का दुखते, हेही पाहायला हवे.”

कारण लहान पिशवीत एकदम पाणी मावत नसल्याने घोट घोट पिणे राहून जाते आणि शरीर कोरडे पडते. चहा अचानक तुटला, जेवण चुकले किंवा लोह कमी पडले, तरी डोके दुखते. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, किंवा उलट्या थांबत नसताना दुहेरी दिसणे व तोल जाणे ही लक्षणे असल्यास गोळी शोधण्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

गुरुजींच्या युक्तिवादातील स्वातंत्र्याचा मुद्दा यातून खोडला जात नाही, उलट त्याला आधार मिळतो. कारण आरामाची साक्ष तासाभरात मिळते, तर व्रण पुष्कळदा गाजावाजा न करता वाढतो, आणि एकाच बाजूचा पुरावा हाती असलेली निवड स्वतंत्र म्हणता येत नाही. म्हणून ‘सुरक्षित’ असणे हा गोळीचा अंगभूत गुण नव्हे. गोळी, आजचे शरीर आणि दुखण्याचे कारण या तिघांचा मेळ बसला तरच तो शब्द वापरता येतो. हा मेळ विक्रेत्याला एकट्याने घालता येत नाही, कारण गिऱ्हाईकाच्या पोटावरील शस्त्रक्रिया त्याला दिसत नाही. म्हणून त्याने विचारावे आणि रुग्णाने प्रत्येक दुकानात व दवाखान्यात, न विचारताही, सांगावे, हे दोघांचे सामाईक कर्तव्य ठरते.