पूर्तधर्म आणि महसुली खर्च

धर्मशास्त्राने पुण्यकर्मांची इष्ट आणि पूर्त अशी विभागणी केली. यज्ञयाग, अग्निहोत्र हे इष्ट. विहिरी, तळी, देवळे, अन्नदान आणि बागा हे पूर्त. इष्टाने स्वर्ग मिळतो आणि पूर्ताने मोक्ष, असे सांगून काही स्मृतींनी पूर्ताला वरचे स्थान दिले. वैदिक कर्माचा अधिकार शूद्रांना नाकारणाऱ्या परंपरेनेही पूर्ताचा अधिकार त्यांच्याकडून काढून घेतला नाही. आज बाग लावणे हे दात्याचे नव्हे, महापालिकेच्या उद्यान खात्याचे काम आहे, आणि ते संकल्प सोडून नव्हे तर निविदा काढून होते. मग कराच्या पैशातून, कायद्याच्या चौकटीत उभ्या राहिलेल्या बागेशी धर्माचा काही संबंध उरतो का? पुण्याचा उरत नाही, पण पूर्ताच्या अटींचा उरतो, असे मला वाटते. बागांचे अंदाजपत्रक त्या अटींवर घासून पाहिले, तर आपण नेमके कुठे चुकतो ते कळते.

पहिली अट दिल्या शब्दाची. बोलून न दिलेले दान हे ऋण होते आणि ते इहलोकी-परलोकी पाठ सोडत नाही, असे स्मृतिकार बजावतात. शहराचा विकास आराखडा हे असेच बोलून ठेवलेले दान. भूखंडावर उद्यानाचे आरक्षण पडले, की तिथल्या वस्तीला बाग देऊ केली असे झाले. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 चे कलम 127 सांगते, की 10 वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदीची सूचना बजावू शकतो, आणि त्यानंतर ठरल्या मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण उडते. मालकाच्या बाजूने हे रास्तच आहे. पैसे न देता त्याची जमीन पिढ्यान्‌पिढ्या अडकवून ठेवणे ही बळजबरी झाली. म्हणजे संपादनाची तरतूद नसलेले आरक्षण मालकालाही नाडते आणि वस्तीलाही. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचवतात. मुंबईत ती जेमतेम सव्वा चौरस मीटर भरते. जागेची टंचाई हे त्याचे एक कारण, न फेडलेले शब्द हे दुसरे.

दुसरी अट उत्सर्गाची. तळे किंवा बाग लोकांना अर्पण केली की दात्याची मालकी संपते. त्यानंतर तो तिथे येतो तो चारचौघांतला एक म्हणून. मुंबईतल्या दत्तक धोरणाचे दुखणे इथेच आहे. देखभालीला पैसा नाही म्हणून दोनशेहून अधिक मैदाने आणि उद्याने संस्थांकडे सोपवली गेली. काही संस्थांनी ती नीट राखली, तर काही ठिकाणी क्लब उभे राहिले आणि सार्वजनिक जमिनीवर सभासदत्वाची फी सुरू झाली. जानेवारी 2016 मध्ये पालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर केले तेव्हा लोक खवळले आणि मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. खासगी हात लागले म्हणून बाग बाटत नाही. पण सांभाळण्याच्या मोबदल्यात मालकी मागितली, की तो सांभाळ राहत नाही, सौदा होतो.

तिसरी अट जीर्णोद्धाराची, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची तीच. पडझड झालेले तळे, विहीर वा देऊळ जो सावरतो त्याला मूळ बांधणाऱ्याइतकेच फळ, असे स्मृती सांगतात. आपल्या अंदाजपत्रकाचा कल नेमका उलटा. भांडवली खर्चात नवे उद्यान, कारंजे, वॉकिंग ट्रॅक. महसुली खर्चात माळी, पाणी, झाडांची छाटणी. पहिल्याचे उद्घाटन होते, दुसऱ्याचे होत नाही. म्हणून प्रवेशद्वारावर ‘यांच्या संकल्पनेतून’ अशी ग्रॅनाइटची पाटी चकचकीत असते आणि आत ओपन जिमच्या सायकलचे पेडल तुटलेले, ट्रॅकचे पेव्हर ब्लॉक मुळांनी उचललेले. सकाळी तिथे चालायला येणारी म्हातारी माणसे त्या उंचवट्यांना वळसा घालून चालतात. फळ समसमान धरण्यामागे स्मृतिकारांना मनुष्यस्वभावाची जाण असावी: बांधणाऱ्याला नाव आपोआप मिळते, दुरुस्ती करणाऱ्याला ते मिळवून द्यावे लागते.

कर म्हणजे दान नव्हे, हा आक्षेप खराच आहे. कर सक्तीचा, दान स्वेच्छेचे. पण त्यातून निष्कर्ष असा निघतो, की लोकांच्या पैशावर पाटी लावणाऱ्याला दात्याचा मानही नाही. दुसरा आक्षेप गरिबीचा: नळाला पाणी नसताना बागा कशाला? पाणी आधी, यात वाद नाही. मात्र ज्याच्या घरापुढे अंगण आहे त्याला सार्वजनिक बाग नसली तरी चालते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण राहतात त्यांच्यासाठी ती घराचाच भाग असते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. ज्या परंपरेने ‘सर्वांसाठी’ तळी बांधली, तिनेच अस्पृश्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करून तिथले पाणी प्यावे लागले. मागाहून नगरपालिकेने आपला ठरावही फिरवला, आणि अस्पृश्यांच्या बाजूने उच्च न्यायालयाचा निकाल 1937 मध्ये आला. हा आक्षेप खोडता येत नाही, पण त्यातून पूर्ताला स्वतःची नसलेली कसोटी मिळते: वास्तू सार्वजनिक आहे की नाही ते अर्पण करणाऱ्याच्या शब्दावरून नव्हे, शेवटच्या माणसाच्या वापरावरून ठरवायचे. भर दुपारी, मजुराला सावली हवी असते नेमक्या त्या वेळी, बागेला कुलूप असेल, तर ती कागदोपत्री कितीही खुली असो, त्याच्यापुरती बंदच.

म्हणून अंदाजपत्रकात एक साधा नियम असावा. नव्या उद्यानाच्या प्रस्तावासोबत जमिनीचा पैसा, पुढच्या 10 वर्षांच्या देखभालीचा आकडा आणि फाटक उघडे ठेवणाऱ्या माणसाचा पगार मांडलेला नसेल, तर सभागृहाने तो प्रस्ताव परत पाठवावा. त्यामुळे दरवर्षी उद्घाटने कमी होतील, हे खरे. ज्यांना बाग हवी आहे त्यांचे त्यात काही बिघडणार नाही.