चिठ्ठी कशासाठी?

सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची, असा आपल्याकडे नियम आहे. प्रत्यक्षात मात्र काउंटरवरची गर्दी ओसरली की गिऱ्हाईक पुढे सरकते, हलक्या आवाजात एक नाव घेते, दुकानदार चार गोळ्यांचे पाकीट कागदी पिशवीत सरकवतो आणि अर्ध्या मिनिटात व्यवहार उरकतो. कोणी कोणाला काही विचारत नाही आणि दोघांनाही तेच हवे असते. चिठ्ठीच्या अटीकडे आपण एक तर सरकारी कटकट म्हणून पाहतो, नाही तर नीतिमत्तेचा पहारा म्हणून. वास्तविक तिचे मोल कागदावरच्या सहीत नसून सही होण्याआधी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत असते. लिंगताठरतेवरील औषधांना हे विशेष लागू पडते. ती योग्य माणसाने योग्य मात्रेत घेतली, तर बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. ती घातक ठरतात तेव्हा त्याच्या मुळाशी बहुधा कोणी तरी न विचारलेला किंवा कोणी तरी खोटे उत्तर दिलेला प्रश्न असतो.

हा दावा तपासायचा तर आधी औषधाचे काम समजून घ्यावे लागते. सिल्डेनाफिलचा जन्म मुळात हृदयविकारावरच्या संशोधनातून झाला. इंग्लंडमधील सँडविच येथे फायझरचे शास्त्रज्ञ हृदयशूळावर औषध शोधत होते. छातीच्या दुखण्यावर त्याचा फारसा उपयोग दिसला नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम सांगितला आणि मार्च १९९८मध्ये अमेरिकेत या औषधाला ताठरतेच्या समस्येसाठी मान्यता मिळाली. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो, या शोधाला वैद्यकाचे नोबेल मिळाले. कामोत्तेजनेच्या वेळी हा वायू लिंगातील रक्तवाहिन्यांपाशी मोकळा होतो, त्यातून सायक्लिक जीएमपी नावाचे द्रव्य तयार होते, स्नायू सैलावतात आणि रक्त भरते. एक विकर हे द्रव्य मोडत असते. गोळी त्या विकराला अडवते. म्हणूनच उत्तेजना नसेल, तर गोळी घेऊनही काही घडत नाही. ती इच्छा निर्माण करत नाही, हे अनेक ग्राहकांना ठाऊकच नसते.

आता याच वाटेवर दुसरे एक औषध उभे आहे. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आपल्याकडे कित्येक घरांत देव्हाऱ्याशेजारच्या डबीत असते. ते नायट्रेट आहे. ते शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढवते, म्हणजे तेच द्रव्य अधिक तयार करते. एकाने नळ पुरता सोडायचा आणि दुसऱ्याने मोरीचे तोंड बुजवायचे, असा हा प्रकार होतो. रक्तवाहिन्या सर्वत्र सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि आधीच अडचणीत असलेल्या हृदयाला रक्त पुरत नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास नायट्रेट देऊ नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. शनिवारी रात्री अकराला टाडालाफिल घेतलेल्या माणसाच्या छातीत सोमवारी संध्याकाळी दुखले, तरी धोका टळलेला नसतो. तातडीच्या विभागातला डॉक्टर अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारतो: अशी गोळी घेतली आहे का? खाटेशेजारी बायको उभी असते, पायाशी मुलगा असतो आणि माणूस मान हलवून नाही म्हणतो. त्या घटकेला त्याचा जीव डॉक्टरच्या कौशल्याइतकाच त्या एका उत्तरावर अवलंबून असतो. कुटुंबीयांना दोन मिनिटे बाहेर पाठवून मग विचारणे हाही इथे उपचारच आहे.

बाकीचे प्रश्न इतके नाट्यमय नाहीत, पण तितकेच कामाचे आहेत. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखे औषध चालू आहे का? असेल तर उभे राहताना भोवळ येऊ शकते, म्हणून कमी मात्रेने सुरुवात करावी लागते. बुरशीवरचे किटोकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू आहे का? ही औषधे सिल्डेनाफिलचा निचरा रोखतात, मग ५० मिलिग्रॅमची गोळी शरीरात कितीतरी मोठी होऊन बसते. वय पासष्टच्या पुढे असेल, यकृत किंवा मूत्रपिंड दुबळे असेल, तर २५ मिलिग्रॅमपासून आरंभ करतात. अगदी जेवणाचाही प्रश्न आहे. तेलकट मटणावर ताव मारून सिल्डेनाफिल घेतली की तिचा परिणाम उशिरा दिसतो. माणूस तासभर वाट पाहतो, गोळी नकली निघाली असे समजतो आणि दुसरी गिळतो. चोवीस तासांत एकच, ही मर्यादा इथे मोडली जाते, आणि सोबत दारू असेल तर रक्तदाब आणखी खाली येतो. डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे हे त्रास किरकोळ आहेत. परंतु चार तासांहून अधिक टिकणारी ताठरता, अचानक दिसेनासे होणे किंवा ऐकू येईनासे होणे या तातडीने रुग्णालय गाठण्याच्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रसंगी पुरुष सकाळ होण्याची वाट पाहत बसला, तर ऊतींची कायमची हानी होते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र गोळीमुळे होत नाही, गोळीआड जे झाकले जाते त्यामुळे होते. बोस्टन परिसरातील ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांचा एक अभ्यास १९९४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे ५२ टक्के पुरुषांना ही अडचण कमी-अधिक प्रमाणात होती. इतकी सर्वसामान्य गोष्ट लाजिरवाणी का ठरावी, हा एक मुद्दा झाला. दुसरा त्याहून गंभीर आहे. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडू लागले की त्याची पहिली खूण अनेकदा तिथे दिसते आणि छातीचे दुखणे काही वर्षांनी येते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांची जोड तर ठरलेलीच. ज्या देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या घरात आहे, तिथे ही खूण म्हणजे फुकटात मिळालेली पूर्वसूचना आहे. अर्ध्या मिनिटाच्या खरेदीत ती वाया जाते. उलट, रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या एखाद्या औषधामुळेच अडचण उद्भवलेली असेल, तर पुरुष डॉक्टरला न सांगता ते औषधच परस्पर बंद करतो. बदलून दुसरे मिळाले असते, पण त्यासाठी तोंड उघडावे लागले असते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ब्रिटनमध्ये २०१८पासून ५० मिलिग्रॅमची सिल्डेनाफिल डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. मग आपणच काय घोडे मारले? पण तिथे उठलेली अट सहीची आहे, प्रश्नांची नव्हे. औषधविक्रेत्याने हृदयविकार, नायट्रेट, इतर औषधे यांची विचारपूस करायची, उत्तरे शंकास्पद वाटली तर गोळी नाकारून डॉक्टरकडे धाडायचे, या बोलीवरच ती विकली जाते. तेव्हा हे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद न देता बळच देते. आपल्याकडचा प्रशिक्षित फार्मासिस्ट दुकानात खरोखर हजर राहून आडोशाला असे प्रश्न विचारणार असेल, तर चिठ्ठीचा आग्रह सैल करण्याचा विचार अवश्य व्हावा. आज आपण सहीही गमावली आहे आणि प्रश्नही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. लाज खरी आहे, तालुक्याच्या गावात डॉक्टर ओळखीचा असतो, त्याचा कंपाउंडर तर नात्यातला. अशा वेळी कडक नियम माणसाला भोंदूच्या दारात ढकलतो. हे खरे आहे. चमत्कारी शक्तीच्या औषधांची जाहिरात १९५४च्या कायद्याने बंद आहे, तरी रेल्वेमार्गालगतच्या भिंतींनी तो कायदा कधी वाचलेला दिसत नाही. 'आयुर्वेदिक, अपायरहित' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेले तपासण्यांमध्ये वारंवार सापडले आहे. म्हणजे नायट्रेटवर असलेला माणूस जडीबुटी समजून नेमके तेच गिळतो. सिंगापूरमध्ये २००८च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले दीडशे लोक रक्तातील साखर भयंकर उतरल्याने रुग्णालयांत दाखल झाले. चोरट्या मार्गाने आलेल्या 'शक्तिवर्धक' गोळ्यांत मधुमेहावरचे ग्लायबेनक्लामाइड निघाले. चार जण दगावले, आणि बऱ्याच रुग्णांनी गोळी घेतल्याचे डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. तेव्हा आक्षेपातले निदान मान्य आहे, उपाय मान्य नाही. लाजेवर उतारा म्हणून प्रश्न काढून टाकले, तर भोंदू आणि मेडिकल यांत फरक तो काय राहिला? उतारा एवढाच की प्रश्न विचारण्याचे ओझे रुग्णावरून उचलून डॉक्टरवर टाकायचे.

हे अशक्य नाही. मधुमेहाच्या तपासणीत डॉक्टर पायाची बोटे पाहतो, डोळे तपासून घ्यायला सांगतो. त्याच ओघात 'शरीरसंबंधात काही अडचण?' हे विचारायला अर्धे मिनिटही पुरे. प्रश्न नेहमीच्या यादीतला असला की त्यातला डंख जातो. र. धों. कर्व्यांनी १९२७मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले तेव्हा वाचक हेच प्रश्न पत्रांतून विचारत होते. त्यांना छापलेल्या उत्तरांपायी १९३४मध्ये खटला झाला आणि डॉ. आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. मराठी समाजाला हे बोलणे नवे नाही, ते आपण मध्येच टाकून दिले एवढेच. कोणी म्हणेल, वयोमानाने शरीर थकणारच, औषधाचा हट्ट कशाला? ज्याला हट्ट नाही त्याने घेऊ नये. पण हा निर्णय त्या जोडप्याचा आहे, शेजाऱ्याचा नव्हे. बायकोच्या नकळत घेतलेली गोळी बहुधा तिच्या इच्छेचाही विचार न करता घेतलेली असते, हेही इथेच नोंदवले पाहिजे. पंचविशीतला निरोगी मुलगा धसक्यापायी गोळी घेतो, तेव्हा त्याच्या शरीराला क्वचितच इजा होते, पण गोळीविना आपण अपुरे ही समजूत पक्की होते. त्याला मात्रेपेक्षा समुपदेशनाची गरज असते.

प्रामाणिक बोलण्याचा शेवट नकारातच होतो, ही भीतीही निराधार आहे. नायट्रेट चालू नाही, दुखणे स्थिर आहे, दोन जिने दम न लागता चढता येतात, अशा बहुतेक हृदयरुग्णांना डॉक्टर ही गोळी देऊ शकतात, आणि देतातही. नाकारले तरी पंप, इंजेक्शन असे अन्य मार्ग उरतात. चिठ्ठी ही परवानगी नाही; दोन माणसांनी एका आजाराबद्दल मोकळेपणी बोलल्याची ती पोच आहे. ते बोलणे झाले नसेल, तर सही-शिक्क्याची चिठ्ठीही त्या कागदी पिशवीइतकीच निरुपयोगी ठरेल.