जुन्या यंत्राचे ऋण

कंपनीने एक यंत्र विकले, काही वर्षांनी त्याच्या जागी दुसरे आणले आणि पहिले बनवणे थांबवले, तर पहिल्या यंत्राच्या मालकाचे त्या कंपनीकडे काही येणे उरते का? व्यापाराच्या बाजूने उत्तर सोपे आहे: पैसे दिले, माल घेतला, हिशेब मिटला. धर्मशास्त्र आणि दर्शने मात्र हिशेब इतक्या लवकर मिटू देत नाहीत. बदलणाऱ्या वस्तूत टिकते काय, आधीच्याचे देणे नंतरच्यावर का पडते, आणि विकणाऱ्याला ठाऊक असलेले सगळे त्याने घेणाऱ्याला सांगावे का, हे प्रश्न भारतीय परंपरेत फार जुने आहेत. व्हिडिओ गेमच्या कन्सोलने ते आज नव्याने टोकदार केले आहेत. सातारा-सांगलीच्या कारखानदारीत मात्र ते शंभर वर्षांपूर्वीच उभे राहिले होते.

कन्सोल म्हणजे प्रामुख्याने खेळ चालवण्यासाठी बनवलेला संगणक. साधारण सहा-सात वर्षांनी कंपनी त्याची नवी पिढी आणते. तोवर ग्राहकाने अनेकदा यंत्राच्या किमतीहून जास्त पैसा खेळांत घातलेला असतो, आणि ते खेळ त्याच यंत्रासाठी लिहिलेले असतात. त्यामुळे नव्या यंत्राची चाहूल लागली की पहिला प्रश्न येतो तो जुन्या खेळांचा. सोनीच्या प्लेस्टेशन २ वर (२०००) पहिल्या प्लेस्टेशनच्या तबकड्या चालत. २००६ च्या प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या नगांत जुन्या यंत्राची चिप बसवलेली होती. पुढे खर्च कमी करण्यासाठी ती काढून टाकली गेली. निन्टेंडोच्या २०१७ च्या स्विचमध्ये आधीच्या वी यूची तबकडी घालायला जागाच नव्हती. सर्वांत कठोर उदाहरण सेगाचे आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये या कंपनीने अमेरिकेत जुन्या कन्सोलला जोडायचे '३२एक्स' हे उपकरण विकायला काढले, आणि त्याच महिन्यात जपानमध्ये 'सॅटर्न' हे पूर्ण नवे यंत्र आणले. मे १९९५ मध्ये सॅटर्न अमेरिकेतही आले, तेही जाहीर केलेल्या तारखेच्या जवळजवळ चार महिने आधी. जोड-उपकरणावर पैसे घातलेल्यांना सहा महिन्यांतच कळले की त्यांची वाट पुढे बंद आहे. सॅटर्ननंतर 'ड्रीमकास्ट' आले, पण जानेवारी २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणेच सोडत असल्याचे जाहीर केले. या अपयशाला इतरही कारणे होती. तरी ग्राहकाचा विश्वास उडणे हे त्यातले मोठे कारण होते.

यंत्र बदलले तरी कंपनी तीच, असे म्हणण्याला आधार कोणता? गीतेने देह आणि देही यांत भेद केला. देह टाकला तरी देही तोच राहतो. कन्सोलला ही कल्पना लावण्याचा मोह होतो, म्हणजे यंत्र हा देह आणि खेळ हा आत्मा. पण कंपनीच्या पोटी न बदलणारे असे काहीच सापडत नाही. मालक बदलतात, कामगार बदलतात, माल बदलतो, गाव बदलते. म्हणून कंपनीला बौद्धांचा विचार अधिक जवळचा ठरतो. त्यांच्या मते टिकून राहणारे द्रव्य नसते, असते ती क्षणांची अखंड परंपरा. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला या मतातली अडचण विचारतो: पुढचा जर तोच नसेल, तर मागच्याच्या कर्मातून तो सुटला ना? नागसेन आंबेचोराचा दाखला देतो. झाड लावणाऱ्याने जमिनीत पुरले ते आंबे वेगळे आणि मी तोडले ते वेगळे, असे चोर म्हणू लागला तर राजा त्याला सोडील का? सोडणार नाही, कारण दुसरे आंबे पहिल्यांतूनच आले. सातत्य पुरेसे असेल तर जबाबदारीही चालत येते, एवढा या दाखल्याचा अर्थ आहे, आणि प्रस्तुत प्रश्नाला तो नेमका लागू पडतो.

धर्मशास्त्राने हीच गोष्ट ऋणाच्या अंगाने मांडली. माणूस देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी म्हणूनच जन्माला येतो, ही कल्पना वैदिक काळापासूनची आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा ही टीका लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य आहे, असे या परंपरेने मानले. त्याला मर्यादाही घातली: मद्य, जुगार अशा व्यसनांपायी केलेले कर्ज मुलावर येत नाही. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी हे तत्त्व हिंदू कायदा म्हणून चालवले. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने, त्यापुढील कर्जांपुरते, केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलावर दावा करण्याची वाट बंद केली. माणसांच्या बाबतीत ही दुरुस्ती न्याय्यच आहे. मुलगा ही स्वतंत्र व्यक्ती असते आणि बापाचे कर्ज त्याने काढलेले नसते. कंपनीची गोष्ट निराळी. ती मरत नाही, तिचे नाव, गल्ला आणि पत पुढे चालतात. मागच्या मालाने कमावलेली पत जी वापरते, तिला मागच्या मालाचे देणे नाकारता येत नाही. कंपनीचे 'तेच'पण तिच्या मालात किंवा माणसांत शोधून सापडत नाही. ते या देण्यात असते.

शेतीच्या अवजारांत हे देणे एके काळी गावाच्या रचनेतच गुंफलेले होते. लाकडी नांगर सुताराने घडवायचा, फाळ लोहाराने ठोकायचा, आणि वर्षभराच्या दुरुस्तीबद्दल खळ्यावर दोघांना धान्य द्यायचे. बलुत्याच्या या व्यवहारात बनवणारा आणि वापरणारा यांचा हिशेब कधीच पुरता मिटत नसे. त्याला जातीचे बंधन जखडलेले होते आणि कारागिराला आपल्या कामाची किंमत ठरवता येत नव्हती, म्हणून ती रचना गेली हे योग्यच झाले. तिच्याबरोबर दुरुस्तीचे कर्तव्यही जायला हवे होते असे मात्र नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर घेऊन शेतकऱ्यासमोर आले ते या पार्श्वभूमीवर. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. सायकलींनंतर किर्लोस्करांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग नांगर. सुरुवातीला तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. हा समज चुकीचा होता, पण त्यामागची सावधगिरी चुकीची नव्हती. शेतकरी नव्या यंत्रासाठी आपली सगळी जमीन पणाला लावत होता, आणि लोखंडी नांगर मोडला तर गावातला सुतार त्याला हात लावू शकणार नव्हता. नवे घेतले तर जुना आधार तुटतो, मग नवा आधार कोण देणार? कन्सोलच्या ग्राहकाचा प्रश्न याहून फार वेगळा नाही.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि १९१० मध्ये उभी राहिलेली किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. तिथल्या पुढच्या वाटचालीत नांगराबरोबर शेंगा फोडण्याची यंत्रे आली, उसाचे चरक आले, आणि १९२६ मध्ये पंप आला. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू झाले. पुढे मराठीतले नामवंत मासिक झालेले हे नियतकालिक मुळात कारखान्याचे वृत्तपत्र होते. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासून चालू होता. तोही नांगरापासून निघून १९३३ मध्ये डिझेल इंजिनापर्यंत पोहोचला; देशात बनलेल्या पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. या दोन्ही कारखान्यांच्या संक्रमणाचे मोल त्यांच्या स्वरूपात आहे. पंप आला म्हणून नांगर निकामी झाला नाही, उलट पाणी मिळालेल्या रानात त्याला काम वाढले. झिजलेला फाळ बदलता येत होता, आणि हळूहळू गावोगावचे लोहारही लोखंडी नांगराला सरावले. यंत्र उघडे होते. बनवणाऱ्याने पुढे पाठ फिरवली असती तरी वापरणारा पूर्णपणे अडला नसता.

साताऱ्यातली पुढची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड स्थापन केली आणि साताऱ्याच्या कारखान्यातून 'प्रिया' ही स्कूटर निघू लागली. त्या काळी स्कूटरची नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. पुढे मागणी मोटारसायकलकडे वळली, धुराचे नियम कडक झाले, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनांचा काळ संपला. २००६ च्या सुमारास साताऱ्यात स्कूटर बनणे थांबले. कारखान्यात साचे आणि जोडणीची साधने बनू लागली, आणि कंपनी मुख्यत्वे बजाज समूहाचे समभाग बाळगणारी गुंतवणूक कंपनी झाली. नावात स्कूटर, कामात गुंतवणूक. बजाजने डिसेंबर २००९ मध्ये स्कूटरच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे सांगितले आणि २०२० मध्ये 'चेतक' हे जुने नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिले. न्यायदर्शन इथे प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे 'हा तोच' या ओळखीचा, दाखला देईल. नाव तेच, डौलही ओळखीचा, म्हणून वस्तू तीच. पण जुन्या चेतकच्या मालकाला या ओळखीचा उपयोग नाही. त्याच्या गाडीचा कार्बोरेटर नव्या गाडीत नाही आणि नव्या गाडीची बॅटरी त्याला चालत नाही. ओळख भावनेला पुरते, देणे फेडायला पुरत नाही. प्रिया आणि चेतक पुढे रस्त्यावर राहिल्या त्या गॅरेजवाल्यांमुळे आणि सुट्या भागांच्या दुकानांमुळे, म्हणजे ज्यांनी गाडी विकलीच नव्हती अशा लोकांमुळे.

कन्सोल कुलूपबंद आहे आणि फरक नेमका इथे पडतो. १९९० च्या दशकात महाराष्ट्राच्या गावागावांत टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम पोहोचले, त्यांत निन्टेंडोच्या फॅमिकॉम या कन्सोलच्या नकला पुष्कळ होत्या. त्यांच्या कॅसेट एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घालता येत, मित्राला देता येत. कोणाकडे दाद मागायची सोय नव्हती, पण मागण्याची गरजही फारशी पडत नसे. आज खेळ खात्यावर विकत घेतला जातो आणि तो चालू राहणे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असते. निन्टेंडोने २७ मार्च २०२३ रोजी ३डीएस आणि वी यू या जुन्या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानातील विक्री बंद केली; आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची सोय ठेवली, पण ती किती काळ राहील हे कंपनीच्याच हाती आहे. स्विचनंतर आलेल्या स्विच २ या यंत्राच्या काही कार्डांत खेळ नसतोच, फक्त तो उतरवून घेण्याची किल्ली असते. बनवणाऱ्याशिवाय वापरणाऱ्याला दुसरा आधारच उरलेला नसल्यामुळे बनवणाऱ्याचे ऋण कमी होत नाही, वाढते.

आता बोलण्या-न बोलण्याचा प्रश्न. पुढचे यंत्र येणार हे कंपनीला वर्ष-दोन वर्षे आधीच माहीत असते, आणि त्या काळात जुने विकलेच जाते. रोमन विचारवंत सिसेरोने रोड्स बेटावरच्या धान्यव्यापाऱ्याचे उदाहरण चर्चेला घेतले आहे. बेटावर दुष्काळ आहे, मागून धान्याची आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? डायोजिनीस आणि अँटिपेटर या स्टोइकांची मते इथे विरुद्ध पडतात, आणि सिसेरो सांगण्याच्या बाजूचा कौल देतो. १८७२ चा भारतीय करार कायदा मात्र सौम्य आहे: बोलण्याचे कर्तव्य नसेल तेव्हा नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. महाभारताच्या शांतिपर्वात तपस्वी जाजलीला धर्म शिकवणारा तुलाधार हा दुकानदारच आहे, आणि त्याचा तराजू सर्वांना सारखा आहे. कायद्याचे माप आणि तुलाधाराचे माप यांत जे अंतर आहे, त्यात कंपनीची नीती ठरते. आधी बोलण्याचा धोकाही खरा आहे. ऑस्बोर्न या संगणक कंपनीने १९८३ मध्ये पुढच्या यंत्राबद्दल वेळेआधी सांगितले, चालू यंत्राची विक्री आटली आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली, असे सांगितले जाते. इतर कारणांकडेही अभ्यासक बोट दाखवतात. निन्टेंडोने यावर मधला मार्ग काढला. मे २०२४ मध्ये पुढच्या यंत्राची घोषणा त्या आर्थिक वर्षात होईल एवढेच सांगितले, नोव्हेंबरात स्विचचे खेळ त्यावर चालतील हे जाहीर केले, यंत्र दाखवले ते जानेवारी २०२५ मध्ये, आणि विक्री ५ जून २०२५ रोजी सुरू केली. यंत्राचा चेहरा दिसण्याआधी जुन्या ग्राहकाच्या पैशाची हमी दिली गेली. हा क्रम योग्य आहे, आणि पुढच्या प्रत्येक यंत्राबाबतच्या अंदाजांत पहिली विचारणा याच हमीची असायला हवी.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, आणि त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे घेतली. ते चांगले पाऊल आहे, पण माहिती देण्यापुरते. यंत्राच्या खोक्यावर किंमत छापतात तशीच सुटे भाग, दुरुस्ती आणि सर्व्हर कोणत्या सालापर्यंत मिळतील ही तारीखही कंपन्यांनी छापावी, आणि ती छापलेली नसेल तर ग्राहकाने दुकानात उभे राहून ती मागावी.