अर्ध्या बरेपणाची साक्ष

विकिरणोपचार घेऊन घरी परतलेल्या माणसाला धर्मग्रामात एकच प्रश्न विचारला जातो : ‘बरे झाले ना?’ ह्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे आम्हांला फार जड गेले.

कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या मज्जातंतूवर आमच्या डाव्या बाजूस गाठ होती. कर्करोगाची नव्हे, परंतु अशी गाठ वाढत गेली तर मेंदूवर दाब आणते. स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल ह्यांनी १९६८ साली वापरात आणलेल्या ‘गॅमा नाइफ’ने उपचार झाला. नावात सुरी असली तरी कापणे नाही; कोबाल्टचे सुमारे २०० किरण एका ठिकाणी एकवटतात. गाठ मात्र नाहीशी होत नाही. बहुधा वाढायची थांबते. प्रारंभी ती किंचित सुजूही शकते, म्हणून पुढे वर्षानुवर्षे एमआरआय करीत राहावे लागते. आमचे गेलेले ऐकणे परत आले नाही, आणि कानातील नादही थांबला नाही.

लूर्द मातेच्या सणादिवशी, ११ फेब्रुवारीला, ख्रिस्तसभा १९९३ पासून जागतिक रुग्णदिन पाळते. त्या मिस्सेच्या वेळी आम्ही साक्ष द्यावी, असा प्रेमळ आग्रह झाला. ‘प्रभूने पूर्ण बरे केले’ म्हणावे, तर ते असत्य. न म्हणावे, तर आमच्यासाठी नोव्हेना करणाऱ्यांच्या प्रार्थनेचा अव्हेर. देवाच्या गौरवासाठी थोडे असत्य चालते काय?

चालत नाही, असे आम्हांला वाटते. खुद्द लूर्द येथे बरे झाल्याचे हजारो दावे नोंदले गेले. पण वैद्यकीय छाननीनंतर ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना शंभरही नाहीत. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील आंधळ्याला येशूने पहिल्या स्पर्शानंतर ‘काही दिसते का’ असे विचारले, तेव्हा भिडेखातर तो ‘सगळे दिसते’ म्हणाला नाही. माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात, असे त्याने सांगितले. दुसरा स्पर्श झाला तो ह्या प्रामाणिक उत्तरानंतर. आमच्या वाट्याला दुसरा स्पर्श ह्या जन्मी येईलच असे नाही. संत पौलाने तीनदा विनवूनही त्याचा काटा निघाला नाही. तरी त्याने ते करिंथकरांपासून लपवले नाही, आणि कृपा मिळाल्याचेही नाकारले नाही.

म्हणून त्या दिवशी आम्ही एवढेच सांगितले : गाठ थांबली आहे, डावा कान गेला आहे, आणि आम्ही आभारी आहोत. मिस्सेनंतर एक वृद्ध मावशी जवळ आल्या. आपल्यालाही चार वर्षे एका कानाने ऐकू येत नाही, लाजेने कोणाला सांगितले नाही, असे म्हणाल्या. आम्ही पूर्ण बरेपणाची साक्ष दिली असती, तर त्या तशाच घरी गेल्या असत्या.

आजाऱ्याला ‘बरे झाले ना?’ असे विचारताना आपल्याला बहुधा होकारच हवा असतो. त्याऐवजी ‘कोणत्या बाजूला बसू?’ असे विचारावे. त्याचे खरे उत्तर देणे सोपे असते.