फुले पाहायला जाणे ही चैन आहे का?

आपल्या नांदेड-लातूरकडे पाण्याचा आणि पिकाचा विचार केल्याशिवाय कोणताही खर्च ठरत नाही. त्यामुळे आम्ही काही मित्रकुटुंबांनी सप्टेंबरमध्ये साताऱ्याजवळचे कासचे पठार पाहण्याचा बेत केला, तेव्हा आमच्यातूनच प्रश्न आला, "नुसती फुलेच पाहायची ना? तेवढ्या पैशांत एखाद्या मुलाच्या वह्या-पुस्तकांचे भागले असते." हा प्रश्न हसून टाळण्यासारखा नाही. आम्ही गेलो, पण तो प्रश्न बरोबर घेऊनच गेलो.

शुभवर्तमानात हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला आहे. बेथानी गावी मरियेने प्रभूच्या चरणांना मौल्यवान सुगंधी तेल लावले, तेव्हा ते विकून तीनशे दिनार गरिबांना का दिले नाहीत, असे यहूदाने विचारले. त्याला गरिबांची कळकळ नव्हती, असे संत योहान सांगतो. परंतु आपल्यात असा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा खरीच कळकळ असते. म्हणून त्याला 'यहूदा' म्हणून गप्प बसवणे योग्य नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे.

आपला वसंत फाल्गुन-चैत्रात येतो. सह्याद्रीच्या सड्यावर मात्र तो पावसाच्या शेवटी येतो. सुमारे 1200 मीटर उंचीवरचे कासचे पठार म्हणजे जांभ्या दगडाचा कातळ. त्यावर मातीचा थर जेमतेम, तोही निकस. आपल्या काळ्या कसदार रानाशी तुलना केली तर तिथे काही उगवू नये. तरीही ऑगस्टच्या अखेरीपासून तिथे गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, निळसर जांभळी सीतेची आसवे यांचे गालिचे पसरतात. मातीत पोषण कमी म्हणून दवबिंदूसारखी इवली वनस्पती चिकट थेंबांवर किडे पकडून जगते. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच भरभरून फुलते. यातले एकही रोप माळ्याने लावलेले नाही. सुमारे 850 जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झालेले हे पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले.

असिसीचे संत फ्रान्सिस आपल्या मठाच्या बागेचा एक तुकडा मुद्दाम न खणता ठेवायला सांगत. तिथे रानफुले उगवावीत आणि पाहणाऱ्याचे मन देवाकडे वळावे, हा हेतू. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात ही आठवण दिली आहे. हे संत स्वतः अत्यंत गरिबीत राहिले, भिक्षा मागून जेवले. भाजीच्या वाफ्यातली थोडी जागा फुलांसाठी सोडणे म्हणजे गरिबाच्या तोंडचा घास काढणे, असे त्यांना वाटले नाही.

आणि गरिबांनाही तसे वाटत नाही. टंचाईच्या दिवसांत भांडी विसळलेले पाणी दारातल्या सदाफुलीला घालणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. पत्र्याच्या घरापुढे गंजक्या डब्यात गुलबक्षी लावणाऱ्या माउलीला 'ही चैन आहे' असे कोण म्हणेल? भाकरी आणि फूल यांत भांडण लावतो ते आपण, ज्यांच्याकडे दोन्ही आहेत.

दुसरी गोष्ट पाण्याची. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते पाणी कृष्णेचे होते. कृष्णा सह्याद्रीत उगम पावते आणि सातारा जिल्ह्यातून वाहत मिरजेकडे जाते. म्हणजे ज्या डोंगररांगेवर ही फुले उमलतात, तिथल्याच पावसाने त्या उन्हाळ्यात आपले हंडे भरले. त्या डोंगरांशी आपले नाते सहलीपुरते नाही.

मग चैन कशाला म्हणावे? फुलांचा ताटवा तुडवून फोटो काढणे ही चैन. पाऊल पडले की त्या पातळ मातीतले रोप मोडते, बी धरण्यापूर्वीच संपते. याच कारणाने तिथे रोजच्या पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली. जे आपण पाहिले त्याचे पुढे काय होते, याची फिकीर न करणे ही चैन. आणि जे सुंदर आहे ते फक्त आपल्याच माणसांनी, आपल्याच गाडीतून जाऊन पाहावे, असे वाटणे ही सर्वांत मोठी चैन.

वह्या-पुस्तकांची गरज खरीच आहे, आणि ती सहलीला गेले तरी वा न गेले तरी आपल्यावर आहेच. सहल रद्द करून वाचलेला पैसा आपोआप गरिबाकडे जात नाही. तो वेगळा काढावा लागतो. तेव्हा प्रवासाचा हिशेब मांडतानाच त्यात दुसऱ्याचा वाटा धरावा, हे बरे.

रानातल्या फुलांकडे पाहा, असे प्रभू येशूने सांगितले ते उद्याच्या अन्नवस्त्राची काळजी असणाऱ्या साध्या माणसांना. त्यांना तिकीट काढून कुठे जायचे नव्हते. आपल्यालाही दर वर्षी साताऱ्याला जायला नको. उपवासकाळात किनवट-माहूरच्या रानात पळस फुलतो. पाने गळून गेलेली असतात आणि निष्पर्ण फांद्या केशरी रंगाने पेटतात. येत्या उपवासकाळात तिकडे जाणे झाले तर गाडीत एक जागा मोकळी ठेवू या. आपल्या धर्मग्रामात वर्षानुवर्षे घराबाहेर न पडलेले आजीआजोबा आहेत, रुग्णाच्या उशाशी बसून थकलेली सून आहे. त्यांच्यापैकी एखाद्याला त्या जागेवर बसवून नेऊ या.