सामायिक कोडवरचे दाम

नागाव, काशीद किंवा दिवेआगरला घरगुती निवास चालवणाऱ्या माणसाला स्वतःची वेबसाइट हवी असेल, तर वर्डप्रेस एक रुपयाही न देता मिळते. खोल्यांचे फोटो, दरपत्रक, नकाशा सगळे तिच्यावर लागते. पण पाहुण्यांकडून ऑनलाइन पैसे घ्यायचे किंवा बाहेरच्या बुकिंग साइटशी तारखा जुळवायच्या म्हटले, की बहुतेक वेळा एखाद्या प्लगइनची, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरची, ‘प्रो’ आवृत्ती घ्यावी लागते. तिचे पैसे दरवर्षी, आणि बऱ्याचदा डॉलरमध्ये. मग प्रश्न येतो: मूळ सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून बांधले, तर त्यावर चार खोल्या चढवून भाडे घेणारे हे कोण?

प्रश्न रास्त आहे. पण त्यामागचा राग चुकीच्या जागी पडतो, असे मला वाटते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने पैशाला कधीच मनाई केली नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि पुढे ईमॅक्स या आपल्या टेक्स्ट एडिटरच्या टेप 150 डॉलरला विकल्या. अट एवढीच की घेणाऱ्याला सोर्स कोड मिळाला पाहिजे, तो बदलता आला पाहिजे आणि पुढे देता आला पाहिजे. वर्डप्रेसच्या जगात 2010 साली ‘थीसिस’ या विकत मिळणाऱ्या थीमवरून, म्हणजे वेबसाइटच्या रूपाच्या साच्यावरून, मोठा वाद झाला. वर्डप्रेसचे मॅट मुलेनवेग आणि थीसिसचे ख्रिस पिअरसन उघडपणे भांडले, पण ते भांडण किमतीवर नव्हते. वर्डप्रेस ज्या जीपीएल परवान्याखाली आहे, त्याचे वर सांगितलेले हक्क विकत घेणाऱ्याला मिळणार की नाही, हा मुद्दा होता. शेवटी पिअरसन यांनी थीमच्या पीएचपी भागाला जीपीएल लावले. विक्री चालूच राहिली.

पैसे घेऊच नयेत, या आग्रहाची किंमत आपण पाहिली आहे. 2014 मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीला आला, तेव्हा जगातल्या असंख्य वेबसाइट माहिती सुरक्षित पाठवण्यासाठी ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होत्या, त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे 2000 डॉलर. 2024 मध्ये एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या छोट्या साधनात घातपाती कोड शिरल्याचे उघड झाले. ते साधन सांभाळणारा माणूस जवळजवळ एकटा आणि थकलेला होता, आणि मदतीला आलेल्या अनोळखी नावाने दोन-अडीच वर्षे काम करून त्याचा विश्वास मिळवला होता. ‘समाजाचे सॉफ्टवेअर’ म्हणताना त्या समाजातला राबणारा माणूस कोण, हे आपण विचारत नाही. मला ही सगळ्यात मोठी अनीती वाटते.

सामायिक गोष्ट कोणीतरी राबून राखावी लागते, हे पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. खाडीचे पाणी अडवणारा बांध सगळ्यांचा. त्याची राखण कधी गावाने अंगमेहनतीने केली, पुढे 1948 आणि 1979 च्या कायद्यांनी ती सरकारकडे गेली. जिथे देखभाल ढिली पडली तिथे उधाणाच्या भरतीला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, आणि भातशेतीत खारे पाणी शिरले. बांध दुरुस्त करणाऱ्याने मजुरी घेतली म्हणून कोणी बोलणार नाही. पण बुजवण्याची मजुरी मिळावी म्हणून कोणी मुद्दाम खांड तशीच ठेवली, तर गाव त्याला उभे करणार नाही.

ॲड-ऑनचा, म्हणजे प्लगइनसारख्या जोडसॉफ्टवेअरचा, न्यायही मी याच रेषेवर करतो. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे उद्योगांचे हिशेब आणि व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर घ्या. ते जीपीएलखाली आहे. उद्योगांसाठी वेगळी, बंद आवृत्ती काढायची आणि मूळची उपाशी ठेवायची, हा मार्ग कंपनीने घेतला नाही. ती पैसे घेते सर्व्हर चालवण्याचे आणि आधार देण्याचे. जीएसटीची कामे 2022 च्या सुमारास ‘इंडिया कम्प्लायन्स’ नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये गेली. त्याचाही कोड खुला आहे. पैसे लागतात ते ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिलासाठी सरकारी यंत्रणेशी जोडून देणाऱ्या सेवेचे. प्रत्येक वापरामागे ज्याचा खर्च होतो, त्याचे दाम घेणे मला पूर्ण नीतीचे वाटते.

उलट, ग्राहकाची स्वतःची माहिती बाहेर काढण्याचे बटण ‘प्रो’मध्ये कोंडणे मला सरळ अन्याय वाटतो. पाहुण्यांची यादी निवास चालवणाऱ्याची आहे, प्लगइनवाल्याची नाही. सुरक्षेची दुरुस्ती आधी पैसे भरणाऱ्यांना देणे हाही अन्याय. बाहेरच्या कोणी फुकट लिहून दिलेली सुधारणा, केवळ ती ‘प्रो’शी स्पर्धा करते म्हणून नाकारणे, हाही. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट 2023 मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर-यंत्रणा उभारण्याच्या आपल्या साधनाचा मुक्त परवानाच बदलला, तेव्हा लोक दुखावले ते याच जातीच्या कारणाने: एका वचनावर दिलेले श्रम दुसऱ्या अटींखाली गेले. त्यातून ओपनटोफू हा वेगळा फाटा निघाला.

वापरणाऱ्यांचेही देणे आहे. जीपीएलचे विकत घेतलेले प्लगइन कायद्याने पुढे वाटता येते, हे खरे. पण वर्षानुवर्षे ज्याच्या अपडेटवर धंदा चालतो त्याला काहीच न देणे कायद्यात बसले तरी मनाला पटत नाही. आणि ‘नल्ड’ म्हणून फिरणाऱ्या, परवान्याची तपासणी काढून टाकलेल्या प्रतींत घातक कोड दडलेला सापडतो, तो भुर्दंड वेगळाच. छोट्या निवासवाल्यापेक्षा मोठ्या कंपन्यांवर हा भार जास्त आहे. झेरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला; ज्यांचा नफा या कोडवर उभा आहे अशा इतरांनीही हे करायला हवे.

लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून बाहेर पडणारी मुले उद्या अशी ॲड-ऑन लिहितील. त्यांनी संकोच न करता दाम लावावे. फक्त मूळ प्रकल्पात सापडलेला दोष मूळ प्रकल्पातच दुरुस्त करावा आणि ग्राहकाच्या माहितीची वाट मोकळी ठेवावी. आणि निवास चालवणाऱ्यांनो, पुढचे प्लगइन घेण्याआधी किमतीच्याही आधी विचारा: उद्या हे सोडले, तर माझ्या पाहुण्यांची यादी मला मिळेल का?